बस डेपोतली शिकवणी

प्रिय चिमणे,

फोनवर आपण रोज बोलतो, तरी आज मुद्दाम कागद घेऊन बसलेय. काही गोष्टी फोनवर सांगायला गेलं की माझी जीभ टाळूला चिकटते. त्यात तू तिकडे प्रशिक्षणात, कायम घाईत, "आई, पटकन सांग, वॉर्डात जायचंय" म्हणणार. म्हटलं, सावकाश लिहावं.

आधी गोड बातमी. आपल्या डेपोतल्या मिस्त्रीला मुलगी झाली! काल तिकिटांची बॅग सावरत मी गाडीतून उतरतेय तोच हा मिठाईचा डबा घेऊन समोर उभा. ग्रीसचे हात, डोळे भरलेले. म्हणाला, "ताई, ही तुमच्या लेकीमुळे आलीय आमच्या घरात." मग त्याने आपणहून सगळं सांगितलं. बायकोला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा पोटातलं मूल गेलं. घरचे तिलाच बोल लावायचे. तुझं डेपोतलं बोलणं ऐकून तो तुझ्याकडे आला, दोघांनी रक्त तपासून घेतलं, तर दोघांनाही गुप्तरोगाची जुनी लागण निघाली. इंजेक्शनं घेऊन बरे झाले आणि आता ही पोर. मला एकदम आठवलं. मागे मी तुला विचारलं होतं, मिस्त्री आला होता का गं तुझ्याकडे? तू कपड्यांच्या घड्या घालत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कोण मिस्त्री?" सख्ख्या आईलाही थांगपत्ता लागू दिला नाहीस. तेव्हा मला जरा राग आला होता. काल मात्र इतका अभिमान वाटला की मिठाईचे दोन तुकडे जास्तच खाल्ले.

तू नर्स होऊन हा विभाग घेतलास तेव्हा तुझ्या आत्याने केवढा घोळ घातला होता! कुणी विचारलं की सांगायची, भाची त्वचाविभागात आहे. एका लग्नात मी सगळ्यांदेखत म्हणाले, "त्वचाविभाग नाही हो, लैंगिक आरोग्य विभाग." आत्याच्या घशात पाणी अडकलं. बाबा गेल्यावर तिने आपल्याला खूप सांभाळलं, म्हणून एरवी मी तिला उलट बोलत नाही. पण तुझ्या कामावर पांघरूण घातलेलं मला चालणार नव्हतं.

आणि डेपोतली ती पहिली दुपार! ड्रायव्हर-कंडक्टरांची विश्रांतीची खोली, उशांना तेलाचा वास, कोपऱ्यात फाटका कॅरम. सगळे बाप्ये भिंतीला टेकून, बायका आम्ही तिघी-चौघी दाराशी. तू निरोधाचं पाकीट टेबलावर ठेवलंस आणि कुणी कॅरमकडे, कुणी पंख्याकडे बघायला लागलं. मग आपला तो गप्पिष्ट ड्रायव्हर बोललाच, "मॅडम, आमचं इंजिन जुनं झालं, आता कसली तपासणी?" सगळे खो खो हसले. तू शांतपणे म्हणालीस, "काका, फिटनेसची तपासणी नव्या गाडीची जास्त करता की जुनीची?" आता हसू त्याच्यावर फिरलं आणि तिथून पुढे सगळे कान देऊन ऐकायला लागले. लागण कशी होते, किती सहज बरी होते, बायकोला नको असेल तर नको म्हणजे नकोच, पाळी गेली म्हणजे मन मरतं असं नाही. एवढ्या माणसांत तुझा आवाज एकदाही कापला नाही. लहानपणी दुकानात जाऊन साबण मागायलाही लाजणारी माझी पोर ती!

नंतर कुणीतरी तक्रार केली आणि मॅनेजरने तुझं येणं बंद केलं, हे तुला माहीत आहे. ते पुन्हा सुरू कसं झालं, हे मात्र तुला अर्धंच ठाऊक आहे. तू समजतेस मॅनेजरला वरून पत्र आलं. पत्र-बित्र काही नाही. महिन्याच्या सभेत आपले 'सावकाश' उभे राहिले. तेच गं, माझ्या गाडीचे ड्रायव्हर, प्रवासी घाई करायला लागले की "सावकाश, सावकाश" म्हणतात म्हणून ज्यांना सगळे त्या नावाने ओळखतात. इतक्या वर्षांत सभेत तोंड न उघडलेला माणूस. म्हणाले, "माझी बायको गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरने गेली. रक्त जात होतं, ते तिनं मलासुद्धा सांगितलं नाही. लाजेनं. मी विचारलं नाही, तेही लाजेनं. ही मुलगी तेव्हा आली असती तर आज माझ्या घरात दिवा लावणारं कुणी असतं. साहेब, तिला बोलवा." एवढं बोलून खाली बसले. मॅनेजर चष्मा पुसत राहिला. पुढच्याच आठवड्यात तुला बोलावणं आलं.

त्या दिवसापासून आम्ही शेवटची फेरी संपली की कॅन्टीनमध्ये एकेक चहा घ्यायला लागलो. आधी बोलणं तुझ्या कामाचंच असायचं. मग त्यांच्या बायकोचं, तुझ्या बाबांचं. मग गुडघ्यांचं, स्वयंपाकाचं. पुढे पुढे काहीच न बोलता बसणंही बरं वाटू लागलं. तू हुशार आहेस, एव्हाना तुझ्या भुवया वर गेल्या असतील.

तर ऐक. गेल्या मंगळवारी आम्ही दोघं तुझ्या विभागात गेलो होतो. तुझ्या जागी आलेली ती कोवळी नर्स आम्हाला बघून म्हणाली, "आजी, चुकून इकडे आलात का? डोळ्यांचा विभाग पलीकडे आहे." मी काही म्हणायच्या आत हे म्हणाले, "नाही बाळ, बरोबर आलोय. आम्ही लग्न करतोय, त्याआधी दोघांची तपासणी करून घ्यायचीय. हिच्या मुलीनंच शिकवलंय." पोरीने आम्हाला नीट बसवलं, सगळं विचारलं, रक्त घेतलं. ते बाहेर गेल्यावर मीही तिला एक गोष्ट विचारली, जी मी आजवर कुणालाच विचारली नव्हती, आणि तिने ती डोकेदुखीबद्दल सांगावं इतक्या सहज समजावली. दोघांचेही रिपोर्ट चांगले आलेत. तू परत आलीस की नोंदणी करू, साक्षीदार म्हणून पहिली सही तुझी हवी. आणि तुझ्या मनात काही असेल तर तेही न लाजता बोल. आत्याला मी सांगितलंय. तपासणीचंसुद्धा. ती म्हणाली, "या वयात त्या विभागात जायला लाज नाही वाटली?" मी म्हटलं, कशाची लाज? ते माझ्या लेकीचं ऑफिस आहे.

तुझीच,
नवरी होऊ घातलेली
आई