उत्तरेचे दार

माघ व. ४
मुकुंदने घर मागविले. मला न विचारता. पूर्वी बाजारातून पाटा-वरवंटा मागवीत तसे घर मागविले. नांदेड रस्त्यावरच्या कारखान्यात भिंती तयार होतात, ट्रकवर चढतात आणि आमच्या मागल्या अंगणात उतरतात. तीन दिवसांत एका खोलीचे घर उभे. पाया खणणे नाही. सिमेंटचे सहा ठोकळे, त्यांवर लोखंडी चौकट, चौकटीवर घर. ज्या वास्तूला भूमीचा स्पर्श नाही तिला वास्तू म्हणावे की पालखी, असे विचारले. चिरंजीव क्लासला निघाले होते. "अप्पा, आल्यावर बोलू." पहाटेपासून दुसऱ्यांच्या मुलांना पदार्थविज्ञान समजावून सांगतो, बापाच्या वाट्याला 'आल्यावर'.

माघ व. ६
मु. अजून 'आलेला' नाही.
कारण मात्र मला नाकारता येत नाही. सौ. भूकंपानंतर स्लॅबखाली निजलेली नाही. तीस वर्षे होत आली. तिच्या माहेरचे घर माळवदाचे, वर मातीचे जड छत, भिंती दगडमातीच्या, कमरेइतक्या रुंद. त्या पहाटे आई आणि धाकटा भाऊ... असो. तेव्हापासून मागल्या अंगणात पत्र्याची शेड आणि तीत तिची बाज. मी घरात, ती शेडमध्ये. नव्या शेजाऱ्यांना वाटते, आमचे भांडण आहे.
गेल्या वैशाखात ती शेडमध्येच भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी बजावले, पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढायचा असेल तर मला बोलावू नका. घरात यायला ती तयार नाही, आणि घर तरी आमचे कुठे उरले आहे? खाली-वर सगळ्या खोल्यांत परीक्षेच्या तयारीला आलेल्या भाडेकरू मुली. वाळत घातलेल्या ओढण्यांखालून वाकून मी देवघरात जातो. संध्येला आचमन घ्यावे तर वरून गजर वाजतो.

माघ व. ९
कारखान्याचे खदीर मिस्त्री आले. अर्धापूरचे, दाढी पांढरी, बोलणे मोजके. भिंतीचा एक तुकडा नमुन्याला आणला होता. दोन बाजूंना पातळ पत्रा, मध्ये पिवळसर फेस. त्या फेसामुळे बाहेरचे ऊन आत येत नाही म्हणे. सौ.ने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "पुरणपोळीच की ही. पुरण तेवढं कोरडं दिसतंय." मिस्त्री हसले. मला हसू आले नाही.
मग ती म्हणाली, छत बघायचंय. भिंत नको, छत. मिस्त्री ते समजले असावेत. त्यांच्याकडे काय कमी माणसे येतात अशी? बाहेर उभ्या ट्रकवरचा छताचा अख्खा पत्रा दोन माणसांनी खाली उतरविला. सौ.ने पदर खोचला, एका कोपऱ्याला हात घातला आणि उचलला. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. गुडघ्यापर्यंत वर नेला, धरून ठेवला, मग हळूच टेकवला.
"एवढंच वजन हाय?"
"एवढंच, माँजी."
"मग हे पडलं तर मी उचलीन," म्हणाली, आणि आत चहा ठेवायला गेली.
तीस वर्षे मी तिला काय काय सांगितले. जन्म, मरण, आत्म्याचे अविनाशित्व, भाष्यासकट. तिला छताचे वजन हवे होते.

फाल्गुन शु. १
आज अंगणात घराच्या आखणीची चुन्याची फक्की टाकली. मु.च्या कागदावर घर पूर्व-पश्चिम लांब. दार उत्तरेला, मोठी खिडकी दक्षिणेला, तिच्यावर खोल छज्जा, पश्चिमेची भिंत कोरी. मी म्हटले, दार पूर्वेला पाहिजे. फक्की पुसा.
मु. म्हणाला, "अप्पा, घर फिरवलं तर दक्षिणेची खिडकी पश्चिमेला येईल."
मी त्याला दिशांचे अधिपती, द्वारविचार, गृहस्थाच्या घरी प्रातःसूर्याचे माहात्म्य हे सर्व साधार सांगितले. पुष्कळ वेळ सांगितले. मिस्त्री उन्हात उभे होते. शेवटी तेच म्हणाले, "कारखान्यात दाराची जागा बदलत न्हाई, गुरुजी. दार पूर्वेला पाहिजे तर अख्खं घर फिरवावं लागंल." फिरवा, म्हटले. मिस्त्री पुढे काही सांगणार होते. मु.ने हाताने खुणावले, राहू द्या.
फक्की पुसली. नवी टाकली. समाधान वाटले.

फाल्गुन शु. ७
वास्तुशांत झाली. पौरोहित्य माझेच; दुसऱ्या कुणाला हे लोखंडी प्रकरण समजावीत बसलो नसतो. आग्नेय कोपऱ्यात वास्तुपुरुषाची प्रतिमा पुरायची, तर तिथे जमीन कुठे? घर हातभर अधांतरी. शेवटी चौकटीखाली पोटावर सरकत जाऊन स्वहस्ते खड्डा केला आणि प्रतिमा पुरली. बाहेर आलो तो पीतांबर मातीने माखलेले. गच्चीवरून परीक्षार्थिनी पाहत होत्या. पाहोत.
या घरांना उंबरा नसतो. जमीन सपाट, दार सपाट, झाडू मारायला सोपे म्हणे. मी सागाची फळी कापवून घेतली आणि उंबरा बसवायला लावला. मिस्त्रींनी वाद घातला नाही.
सौ. उंबऱ्यावर उजवे पाऊल ठेवून आत गेली. भिंतीला तळहात लावला. बाज आत आणवली. आत निजली.
तीस वर्षांनी चार भिंतींच्या आत.  

फाल्गुन शु. १४
भिंतीत खिळा ठोकता येत नाही. देवाची फळी लावायची तर वेगळा स्क्रू, त्याला वेगळे मशीन, त्याला वेगळा माणूस, आणि तो माणूस शुक्रवारी. देव तोवर खुर्चीवर. छतावर साळुंक्या चालल्या तरी आत टाळ वाजल्यासारखे होते. सौ. म्हणते, करमतं. ती आत निजते. म्हणून या सर्व गोष्टी सहन करतो आहे.

चैत्र शु. ५
ऊन चढले. दुपारी चारला सौ.च्या घरात गेलो तो पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट तिच्या बाजेवर. फेसाच्या भिंती, फेसाचे छत, आणि मध्ये भट्टी. ती कोपऱ्यात पाठ करून बसली होती. म्हटले, पडदा लावू. पडदा लावला. पडदा तापला.

चैत्र शु. ९
रामनवमी. जन्मकाळ माध्यान्हीचा, तो बरा गेला. चारनंतर आत बसवेना. खिडकीला बाहेरून वाळ्याची ओली ताटी बांधली. ती एका तासात वाळली. आत ठेवलेले दही नासले. मु.ला विचारले, तुझ्या त्या फेसाचा उपयोग काय? तो म्हणाला, "फेस आलेलं ऊन बाहेरही जाऊ देत नाही, अप्पा." एवढेच बोलला आणि वह्या तपासू लागला. मग पुढचे तोंडाने का बोलत नाही? उत्तर सौम्य असले की अधिक टोचते.

चैत्र शु. १३
मुद्दाम निरोप पाठवून मिस्त्रींना बोलावले. तुमचे घर तापते, दुरुस्त करा. ते खिडकीपुढे उभे राहिले, छज्ज्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले नाही.
"गुरुजी, ही खिडकी दक्षिणेसाठी बनवलेली हाय. दक्षिणेचा सूर्य उन्हाळ्यात वर वर ऱ्हातो, छज्ज्याच्या आत येत न्हाई. पश्चिमेचा वाकून आत बघतो. त्याला छज्जा काय करणार?"
म्हणजे घर उत्तम आहे. फिरविले मी.

चैत्र व. २
सौ.ने बाज शेडमध्ये नेली. स्वतःच ओढत. मी म्हटले, अगं, पत्र्याखाली? तर म्हणाली, "शेडला भिंती न्हाईत, वारा तरी येतो. तिथं कोंडून मरण्यापरीस हे बरं." डॉक्टरांचे बोलणे आठवले. तीस वर्षांनी आत आलेली बाई चाळीस दिवसांत बाहेर गेली.

चैत्र व. ४
ग्रंथ काढले. दिवसभर वास्तुप्रकरण चाळले. कुठेतरी असा आधार सापडावा की पश्चिमेच्या तापाचा दोष गृहकर्त्याकडे जात नाही.
सापडला तो वेगळाच. सापडला असेही नाही. तो मला पाठ आहे. उत्तरेचे दार निषिद्ध नाही. धनदाची, म्हणजे कुबेराची दिशा, गृहस्थाला प्रशस्त. फक्की टाकली त्या दिवशीही हे मला माहीत होते. मु.ला जे सर्व साधार सांगितले त्यात एवढेच सांगितले नाही.
का? घर मला न विचारता मागविले म्हणून. दुसरे कारण शोधून पाहिले. नाही.

चैत्र व. ५
सकाळी पूजा झाल्यावर सौ.ला सांगितले. ती शेडमध्ये मेथी निवडत होती. उत्तरेचे दार चालले असते, म्हटले. मला ठाऊक होते.
ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "उदगीरच्या शिक्षकांच्या घराला उत्तरेचंच दार व्हतं. शांत तुम्हीच केली. जेवायला मी बी व्हते."
"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"
"तुम्ही एवढं सांगून राहिले व्हते. मला वाटलं, काही नवं निघालं आसंल."
काड्या एकीकडे, पाने एकीकडे. मी बसून होतो. उठा म्हणाली नाही, बसा म्हणाली नाही.

चैत्र व. ६
मु.ला सांगितले. तो बूट घालत होता, थांबला. मी म्हटले, तू हे शास्त्र शिकवतोस. एकदाच का बोललास? दहादा बोलायचे.
"अप्पा, तुम्ही संस्कृतात बोलायला लागलात."
 तो क्लासला गेला. मात्र जाताना वळून म्हणाला, "आईला काही झालं असतं तर मी तुमच्याशी बोललो नसतो." सरळ आवाजात. आजवर तो माझ्यासमोर इतके सरळ कधी बोललेला नाही. बरे झाले.

चैत्र व. १०
घर फिरवायचे ठरले. ठोकळे पुन्हा ओतले. पण घर उचलायला हायड्रा क्रेन हवी आणि गावातल्या सगळ्या हायड्रा कुठल्याशा क्लासची पाटी चढविण्यात गुंतलेल्या. तीनमजली पाटी, तीवर पास झालेल्यांचे चेहरे. एका म्हाताऱ्या बाईला सावली मिळायची ती या चेहऱ्यांपायी थांबली आहे.
सौ.ला आज दुपारी पुन्हा भोवळ आली. बाजेवरच होती म्हणून पडली नाही. मीठ-साखरेचे पाणी दिले. मी तासभर पंख्याने वारा घातला. डोळे मिटून म्हणाली, "हात दुखंल." दुखू दे, म्हटले.

चैत्र व. १२
मिस्त्रींचा फोन. हायड्रा मोकळी आहे, पण फक्त अमावास्येला. बिचारे चाचरत सांगत होते. "गुरुजी, तुमच्यात त्या दिवशी चालत नसंल, तर मग पंधरा दिवस थांबा..."
मी म्हटले, आणा.
 पलीकडून, "पक्कं?" मी म्हटले, पंधरा दिवस सूर्य थांबणार आहे का?

चैत्र अमावास्या
घर उचलायच्या आधी प्रतिमा काढणे भाग. घर फिरल्यावर तो खड्डा घराबाहेर उघड्यावर येणार. मिस्त्री म्हणाले, माणूस घालतो. नको म्हटले. पुन्हा पोटावर, पुन्हा चौकटीखाली. खुरप्याने उकरले. क्षमा मागून प्रतिमा काढली, उपरण्यात घेतली. या खेपेला गच्चीवर मुली होत्याच; मु.ही उभा होता, क्लास सोडून. बाहेर यायला जमेना, तेव्हा त्यानेच हाताला धरून ओढले. 
हायड्राने घर उचलले. हवेत घर. आतली देवाची फळी तशीच भिंतीला. एवढ्या वर गेलेले घर पाहून मला धास्ती, सौ. शेडच्या खांबाला धरून एकटक पाहत होती. घर हळूहळू वळले आणि नव्या ठोकळ्यांवर बसले. उंबरा निखळला नाही.
मिस्त्री कपाळ पुसत म्हणाले, "आता सूर्याला वाकू द्या किती वाकायचं ते."

वैशाख शु. १
चार वाजता आत गेलो. खिडकीशी छज्ज्याची सावली. गारवा असे म्हणणार नाही, पण बसवते. दही नासले नाही. सौ.ला बोलावले. उंबऱ्यापर्यंत आली, वाकून पाहिले, परत गेली. बाज शेडमध्येच.

वैशाख शु. ३
अक्षय्य तृतीया; मुहूर्त पाहायला नको. नव्या आग्नेय कोपऱ्यात प्रतिमा पुरली. पुरणपोळी झाली. कोरड्या पुरणावरून सौ.ने मला दोनदा टोमणा मारला.
जेवणानंतर म्हटले, आता तरी आत नीज. ती उंबऱ्यावर बसली, आत नाही, बाहेर नाही. म्हणाली, "तुम्ही निजा आधी. तीस वर्षं तुम्ही स्लॅबखाली घोरत ऱ्हायले आणि मी बाहेर बसून कान देऊन ऱ्हायले, काही वाजतंय का म्हणून. आज इथं निजा. मी बघते."
तीस वर्षे. मला वाटे, ती भीतीने बाहेर आहे.
सतरंजी टाकून आडवा झालो, उशीवाचून. डोळा लागेल असे वाटले नव्हते. लागला. जागा झालो तो ऊन कलले होते, आत सावली. उंबऱ्यावर कुणी नाही. बाहेर तुळशीपाशी तिचे पाणी घालणे चालले होते.
सतरंजीवर माझ्या शेजारी तिची उशी होती. माझ्या डोक्याखाली नव्हे, शेजारी.
ती तिथेच राहू दिली.