खंडेनवमीचं कपाट

सर, जपानला लेकीकडे जाऊन आले. तिथल्या विज्ञान संग्रहालयात प्रत्येक यंत्राशेजारी पाटी होती. लेकीने वाचून दाखवली, "हात लावा." पोरं दोर ओढत होती, चाकं गरगरवत होती. एक चाक निखळलं, तर निळा कोट घातलेले आजोबा न रागावता पोरांसमोरच ते बसवू लागले. मी मात्र हात पाठीमागे बांधून उभी. "आई, भाषणात तर टेबल फोडतेस!" लेक हसली.

मला कामशेतजवळची आपली शाळा दिसत होती. प्रयोगाचं कपाट वर्षातून एकदा, खंडेनवमीला उघडतं. तुम्ही सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू लावता, झेंडू वाहता, आम्ही हात जोडतो, पुन्हा कुलूप. नववीत मी भर पूजेत उभी राहिले. "विज्ञान ओवाळायचं नसतं, हाताळायचं असतं! हे कपाट आहे की देव्हारा?" टाळ्या पडल्या. तुमच्या हातातलं ताम्हन तसंच राहिलं. दुपारी तुम्ही किल्ली माझ्या हातावर ठेवलीत. "लय झ्याक बोललीस, पोरी. आता उघड. मोडलं तर मोडू दे, मी हाय." मी तासभर कपाटासमोर बसून राहिले. एवढं बोलल्यावर माझ्याच हातून काच फुटली तर? किल्ली परत दिली.

"बघितलंस?"

"व्हय, सर. कांद्याचा पापुद्रा. विटा रचल्यागत दिसतो." पुस्तकातलं चित्र मला पाठ होतं.

तुमचा चेहरा उजळला. मग हळूच म्हणालात, "मी बी कधी बघितलं न्हाई गं. नवा असताना एक फुटला माझ्या हातनं, तवापास्नं धीरच न्हाई झाला. उद्या मला बी दाव." तो उद्या मी दहावी संपेपर्यंत टाळला. तुम्ही समोरून आलात की मी वर्गात शिरायचे. तुम्ही दोनदा विचारलंत, मग विचारणं सोडलंत. मी लोणावळ्याला कॉलेजात असताना तुम्ही गेल्याचं कळलं. कपाटाची ती गोष्ट मी आजवर किती सभांत सांगितली. त्यात मी कुलूप उघडते आणि लोक टाळ्या वाजवतात.

संग्रहालयातून निघताना त्या आजोबांनी सूक्ष्मदर्शकापुढची खुर्ची माझ्यासाठी सरकवली. मी बसले, भिंगापाशी वाकले आणि डोळे मिटून घेतले. तुम्हाला दाखवायचं राहिलेलं आपण एकटीने कसं बघायचं? "काय दिसलं?" लेकीने विचारलं.

"कांद्याचा पापुद्रा," मी म्हणाले.

हे पत्र तिलाही दाखवणार नाही. सर, ती किल्ली मी कुलपाला लावलीच नव्हती.