फेब्रुवारीची आठ तारीख

२७ मे १९८७

नर्स सुमंगला पोट तपासून म्हणाली, "तारखेच्या मानान पोट मोठा दिसता. जुळा असतला!" मांय, म्हणजे ह्यांची आई, शेजारीच उभी. एवढी हरखली, की आमचं गाव, पार्से, येईपर्यंत बसमधल्या तीन बायकांना सांगून झालं! मी खिडकीबाहेर बघत बसले. जुळं कसलं, कपाळ माझं!

३० मे

गोवा राज्य झालं. वाड्यावर फटाके. हे पेढे घेऊन आले, रेडिओ मोठा केला. मी हळूच म्हटलं, "डॉक्टरला खरं सांगून टाकू या."

"आज नको," म्हणाले.

मग कधी? एवढ्या राज्याला मुहूर्त मिळाला, आम्हाला मिळत नाही.

५ जून

इथे तरी खरं लिहिते.

नोव्हेंबरात रजिस्ट्रारकडे आमच्या सह्या झाल्या. सरकारच्या वहीत मी बायको. पण गावाच्या लेखी अक्षता पडेपर्यंत परक्याची मुलगी. लग्न फेब्रुवारीच्या एक तारखेला ठरलेलं. डिसेंबर संपता संपता दाखल्याच्या कामाला पणजीला गेलो. ह्यांच्या मित्राची, सुधीरची, खोली रिकामी होती. एक दुपार. बस्स, एकच!

अंतरपाटामागे उभी होते तेव्हाच मनात शंका. म्हणून लग्नानंतर आठवड्याने मी बाहेरची झाल्याचं सोंग केलं. चार दिवस मागच्या पडवीत बसले. मांय लांबून ताट सरकवायची, वरून पाणी ओतायची. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाले. दवाखान्यात तीच तारीख सांगितली — फेब्रुवारीची आठ. कार्डावर चढली. खरी तारीख डिसेंबरातली, ती जवळजवळ दोन महिने पुढे ढकलली!

सप्टेंबरात बाळ झालं की "सातव्यात झालं" म्हणायचं, असं आमचं दोघांचं शहाणपण. आणि मी शाळेत मास्तरीण. खोटं बोललं तर मुलांना बाकावर उभं करते. लाज वाटते, लाज!

१२ जुलै

मांय दुपटी शिवतेय. सगळी दोन-दोन! शेजारची यशोदा सुईत दोरा ओवून देते आणि माझ्या पोटाकडे बघते. गावात कुठेही लग्न झालं की हिची बोटं महिने मोजायला तयार.

३१ जुलै

तीन दिवस वहीला हात लावला नाही. आज लिहिते.

मुलगी झाली. एकटीच. इथे पणजीच्या मोठ्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे. दीड किलो.

मंगळवारी सकाळी दुसरीच्या वर्गात पाढे घेत होते. एकदम कळ आली आणि पाणी गेलं. हे घरीच होते म्हणून बरं. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. मांय आली, सोबतीला यशोदाही. ती बाहेर बाकावर बसली.

डॉक्टर तरुण. कार्ड बघितलं. "चोवीस आठवडे, त्यात जुळी. सहाव्यातली जगत नाहीत हो. लांब नेऊन बाईचे हाल कशाला? इथेच मोकळी होऊ दे." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तारीख नक्की ना?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी चपलांकडे. मांय दारात.

मी म्हटलं, "नक्की."

माझ्या तोंडून! पोर पोटात लाथा मारत होती, आठवा लागला होता तिला. एक शब्द बोलले असते तर तेव्हाच पणजीला नेली असती. चार तास तिथे पडून राहिले. प्रत्येक कळेला वाटायचं, आता सांगते. प्रत्येक वेळी बाहेरून यशोदेच्या बांगड्या वाजायच्या.

बाराच्या सुमाराला झाली. झाली ती रडलीच! डॉक्टर चक्रावला. "हे सहाव्यातलं नव्हे! बाई, तुम्ही..." मग एकच धावपळ. मांयनं तिला पदरात गुंडाळून छातीशी धरली. नदीवरचा पूल गेल्या वर्षीच पडलेला, बेतीच्या धक्क्यावर पोचलो तर पणजीची फेरीबोट नुकतीच सुटलेली. अर्धा-पाऊण तास पावसात उभे. पोरीचे ओठ जांभळे पडत चालले. हे सारखे घड्याळ बघत होते. आता घड्याळ बघून काय उपयोग!

इथली डॉक्टरीण म्हणाली, "पोटातच आणायची होती हिला. फार गारठलीय."

३ ऑगस्ट

काल सटी, पोरीची सहावी रात्र. मांय त्यासाठी पार्सेला जाऊन आली. पाटावर कोरा कागद, पेन ठेवलं. त्या रात्री देव नशीब लिहितो म्हणे. त्याच्याआधी आम्हीच लिहून बसलो होतो.

आज यशोदा बघायला आली. तिनं तोंड उघडायच्या आत मांय म्हणाली, "सहाव्यातला चेडू! पण देवान राखला. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराक नवस केलंय मी." यशोदेनं हात जोडले. मी भिंतीकडे तोंड केलं. माझ्या खोट्यापायी ही भोळी बाई देवाला वेठीला धरतेय!

६ ऑगस्ट

दोनदा श्वास थांबला. नर्सनं तळपायावर टिचकी मारली तेव्हा परत घेतला. हे व्हरांड्यात गेले ते तासभर आलेच नाहीत.

७ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना सांगितलं. एकटीच गेले. "कार्डावरची तारीख खोटी आहे, मी सांगितलेली." त्यांनी पेन उचललं, खरी विचारली, लिहून घेतली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ह्यांना कळलं. म्हणाले, "आईला मात्र सांगू नको. तिला सोसायचं नाही." पहिल्यांदाच ह्यांच्यावर ओरडले. सगळा वॉर्ड बघत होता. बघू दे!

९ ऑगस्ट

चमच्यानं दूध घेतलं. तीन चमचे! वजन घसरलं होतं, ते थांबलं. "अजून काही सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणतात. उद्या मांयला सांगणार. तिनं घराबाहेर काढलं तरी चालेल.

१० ऑगस्ट

सांगितलं. सगळं. पणजीची खोली, पडवीतले चार दिवस, सगळं. मांय दुपट्याची घडी घालत होती, घालतच राहिली.

"माका ठावक होता गो," म्हणाली. "लग्नाच्या दुसऱ्या दिसा भाताच्या वाफेक तोंड फिरवलंस, तेव्हाच."

मी तिच्या हातातलं दुपटं काढून घेतलं.

"दाक्तरान तारीख विचारली, तेव्हा माज्या जिभेर इला होता. यशोदा भायर बसलेली. आयकात म्हणान मी गप रवलंय."

आणि रडायला लागली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. मी तिला उगी केलं नाही.