माझ्या वाट्याचा रोट

९ जून, सोमवार
डॉक्टरांनी फिल्म दाखवली. स्वादुपिंडाच्या नळीत खडे. नळी उभी चिरायची, खडे काढायचे, मग ती आतड्याला जोडायची. म्हटलं, लूमवर तुटलेला धागा जोडतो तसंच की. हसले. दुखणं जाईल का? "चिंता ना करो. बहुतेकांचं जातं. पण लिहून देत नाही." सात वर्षं पोटाशी उशी धरून ओणवा बसतोय. हे दुखणं दारूड्यांचं म्हणतात, म्हणून गोडादऱ्यात, आमच्या वस्तीत, निम्म्यांना वाटतं मी पितो. थेंबाला शिवलो नाही.

२१ जून, शनिवार
ऑपरेशनला चार दिवस झाले. टाके ओढतात, पण हे ते दुखणं नाही. त्याला मी चांगला ओळखतो. बायकोने, सुनंदाने, सवयीने तीच उशी घरून आणलेली. खोकताना टाक्यांवर धरायला कामी आली.

२० जुलै, रविवार
घरी. जेवणाच्या पहिल्या घासासोबत पचनाची कॅप्सूल. आधीच घेतली तर वाया.
कानबाईचा सण आला जवळ. माय रोटाचे, नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायला बसली, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. माझी मूठ दरवर्षी पडते आणि मला सोसत नाही म्हणून रोट भाऊ खातो, घराबाहेर तो द्यायचा नसतो. माय म्हणाली, "औंदा तुना वाटा तूच खाय." हुरूप आला. भीतीही वाटली.

३ ऑगस्ट, रविवार
पुरणाचा रोट, खीर, गंगाफळाची भाजी. ताट समोर आलं आणि मी बावळट, लगेच कॅप्सूल गिळली. आरती बाकी! बायांची गाणी संपेनात. नैवेद्याआधी घास म्हणजे आमच्यात... सुनंदाने डोळे वटारले. शेवटी मायला सांगितलं. तिने कानबाईला हात जोडले, माझ्याकडे वळली. "कानबाई थांबी. तुनी गोळी थांबाव नही. जेव."
सगळ्या बाया बघत होत्या. अर्धा रोट खाल्ला. डोळे भरून आले, लाज नाही वाटली.

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी तापीवर विसर्जन. ताठ चालत गेलो. माय दर दहा पावलांना, "दुखस का रे?" नही, माय.
दुपारी उरलेला अर्धा खाल्ला. या वेळी कॅप्सूल घासासोबतच. तास होत आला. पूर्वी याच सुमाराला दुखणं सुरू व्हायचं.
उशी गच्चीवर उन्हात टाकलीय. सुनंदा विचारत होती, "आणू का खाली?"
म्हटलं, राहू दे अजून.