बुरशी ऑप्शनला

प्रिय पार्टनर,

उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बाजूला सारून लिहायला बसले आहे. एकशे बारा जणांनी एकच उत्तर लिहिलंय, शब्दसुद्धा तेच. वाचून वाचून जीव शिणला. पण यांना कुठल्या तोंडाने बोलू? एकोणीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतेय आणि दरवर्षी मीच सांगते, बुरशी खुशाल ऑप्शनला टाका, तेवढ्याने कुणी नापास होत नाही.

होस्टेलच्या खोलीत आपण अभ्यासाची वाटणी केली होती, आठवतं? फुलझाडं माझी, शेवाळ-बुरशी तुझी, आणि परीक्षेआधी एकमेकींना शिकवायचं. पहिली पाळी तुझी. दुपारभर पाय पसरून तू बुरशी सांगत होतीस आणि मी घोकत होते. माझी पाळी यायच्या आत तुझ्या आईच्या आजारपणाचा फोन आला आणि तू बॅग भरलीस. मी पेपर दिला, पहिली आले, आणि आठवड्यात बुरशी साफ विसरले. नंतर पुस्तक उघडलं नाही असं नाही. उघडलं की तुझा आवाज ऐकू यायचा, मग मिटून टाकायचे.

यंदा अभ्यासक्रम बदलला, बुरशी सक्तीची झाली. सोमवारी वर्गात उभी राहिले आणि थकूनच म्हण, सांगून टाकलं की मला हे येत नाही. कुणी हसलंसुद्धा नाही. पहिल्या बाकावरच्या मुलीने एवढंच विचारलं, की मग हे परीक्षेला येणार का. मला रडूच कोसळलं.

तुझा भाऊ परवा बँकेत भेटला. तू तीन खोल्यांत पिशव्या टांगून अळिंबी, म्हणजे मशरूम, पिकवतेस म्हणे, आणि बिघडलेली पिशवी नुसत्या वासावरून ओळखतेस. खरं सांगते, हेवा वाटला.

म्हणून विचारते, येशील शिकवायला? पण आधी एक ऐक. फेरपरीक्षेसाठी तू माझी फुलझाडांची वही मागितली होतीस. पाठवली होती, टपालात गहाळ झाली, असं मी कळवलं. मी ती पाठवलीच नव्हती. तेव्हाच इथे कॉलेजात शिकवायची एक जागा निघाली होती आणि तू माझ्याहून हुशार, पास झालीस तर ती तुलाच मिळणार, हे मला पक्कं माहीत होतं. शिव्या घालायच्या तर घाल, निमूट ऐकून घेईन. मंगळवारचा तास रिकामा ठेवलाय. आलीस तर वर्गाला तुझी ओळख मीच करून देईन, आणि खरी करून देईन, की ही जागा हिची होती.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही, तरी तुझीच,
रूम पार्टनर