किराण्याच्या चिठ्ठ्यांना हातमोजे

अमेरिका, ६ जानेवारी १९९४

आईस चंद्रभानचा जयभीम.

मी बरा हाय. थंडी लय, पण तुझी गोधडी पुरायली. बाबांचा खोकला कसा हाय?

इथल्या लायब्ररीत काम धरलंय. शंभर वर्षांमागच्या एका साध्या शेतकरी घरातल्या किराण्याच्या चिठ्ठ्या, लग्नपत्रिका, पोरांची प्रगतिपुस्तकं मी हातमोजे घालून पाकिटात ठेवतो.

तुला वाचता येत न्हाई, तरी आपल्या पेटीतला एकेक कागद तू घडीवरून ओळखायचीस. अठ्ठ्याहत्तरात नामांतराच्या दंगलीत गावानं आपलं घर जाळलं, त्यात ती पेटी गेली.

काल लायब्ररीतल्या मॅडमनं विचारलं, तुमच्या घरी असं काय जपलंय? मी म्हणालो, आमच्यात तशी रीत न्हाई. खोटं बोललो.

विद्यापीठाच्या नामांतराचं परत निघालंय म्हणतात. धाकटीनं हे पत्र वाचून दाखवलं, की मग ते घरात ठेवू नको. परभणीला आत्याकडं जपायला दे.

तुझा,
चंद्रभान