बिनमुकादम वाडीतल्या शिट्टीची विल्हेवाट

मी, अजिनाथ भिमाजी खाडे, वय २६, शिक्षण नववी पास (दहावीच्या परीक्षेच्या वेळी उसाच्या फडात होतो), राहणार बिनमुकादम वाडी, ता. पारनेर, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, दिवसाउजेडी आणि कोणी न सांगता लिहीत आहे. बुधवारी माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "किरकोळ आहे, काळजी करू नका." मी काळजी करतो हे त्यांना कोणी सांगितलं, ते विचारायचं राहिलं.

अडचण अशी की, तीन वर्षांपूर्वी आमची नऊ घरं जामखेडकडचं गाव सोडून एकाच टेम्पोने या माळावर आली. आम्ही सगळे ऊसतोडीला जाणारे. मुकादमाच्या शिट्टीवर उठायचं, शिट्टीवर जेवायचं, अंगात ताप असला तरी शिट्टीवर कोयता उचलायचा. ते पुरे झालं, म्हणून सगळ्यांनी मिळून हा मुरमाड माळ घेतला. वाडीला नियम एकच, आणि तो पत्र्यावर मीच रंगवला आहे: "इथे कोणी कोणाला हुकूम करणार नाही." आता मृत्युपत्र म्हणजे हुकूमच की. माझे मामा श्रीमंत गर्जे म्हणाले, "आरं, हितं जित्या मानसाचा हुकूम चालत न्हाई, आन् तू मेल्याव सोडतो व्हय?" म्हणून खालील सर्व कलमं ही विनंती समजावी.

कलम १. माझी पत्र्याची खोली मामांची मुलगी ज्योती हिला मिळावी. नको म्हणायला ती मोकळी आहे. दिवाळीत मी लग्नाचं विचारलं तेव्हाही मोकळी होती, आणि तो हक्क तिने वापरला. खोलीची कडी लावल्यावर दोनदा ओढून बघावी.

कलम २. पोस्टातली शिल्लक माझी आई बायडाबाई हिला. पासबुक तांदळाच्या डब्यात, दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवलं आहे. तिसरी पिशवी घालायची होती, मिळाली नाही.

कलम ३. माझे दोन कोयते. एक आईला, सरपणासाठी. दुसरा शेजारी कानिफनाथ यास, कारण तीन वर्षं तोच वापरतो आहे. मात्र त्याच्या शेळीने नियमाच्या ओल्या रंगाच्या पाटीला अंग घासून शेवटचं 'नाही' पुसलं आणि महिनाभर पाटी भलतंच सांगत राहिली, याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही. हे माझ्या मृत्यूनंतरही लागू राहील.

कलम ४. शिट्टी. गाव सोडताना मामांनी मुकादमाच्या खुंटीवरची शिट्टीच उचलून आणली. "आता वाजीव म्हनावं!" म्हणाले आणि वाडीतल्या कडुनिंबाला टांगली. पहिल्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला. हुकूम कोणी करायचा नाही, म्हणून नऊ घरं एकदमच पाइपाला झोंबली. निम्मं पाणी मुरमात गेलं. मी वहीत पाळ्या लिहिल्या. वही कोणी उघडली नाही. दुसऱ्या टँकरला मी शिट्टी वाजवली. सगळे गप्प झाले आणि रांगेत उभे राहिले. फडात ज्या क्रमाने उभे राहायचे, त्याच क्रमाने. मामासुद्धा. मला बरं वाटलं. मृत्युपत्रात खोटं लिहू नये म्हणून लिहितो: फार बरं वाटलं.

मग शिट्टी कडुनिंबावरून माझ्या गळ्यात आली. रस्त्याच्या कामाला शिट्टी, बैठकीला शिट्टी. एकदा आई शिट्टी ऐकून तव्यावरची भाकरी तशीच टाकून धावली. भाकरी जळाली. म्हणाली, "इतक्या लांब आलो त्ये हेच ऐकाया व्हय रं?" ज्योतीचं दिवाळीतलं उत्तरही हेच होतं: "मुकादमाला मी न्हाईच म्हननार. आधी त्ये गळ्यातलं काढ." मी विचारलं, काढलं तर पाणी कोण वाटेल? ती म्हणाली, "आपला मुकादम बी ह्येच इचारायचा."

तेव्हा माझ्यानंतर शिट्टी कोणाला द्यावी? मामांना दिली तर चहासाठी वाजवतील. कानिफनाथचं नाव लिहून खोडलं आहे. ज्याच्या हातात जाईल तो मुकादम होईल, आणि मग आम्ही गाव सोडलं कशासाठी?

इथपर्यंत लिहिलं आणि टँकर आला. शिट्टी घेऊन उठलो, परत बसलो. म्हटलं, आपण नसल्यावर काय होईल ते जिवंतपणीच ऐकून घ्यावं.

"मामा, तुमचा डरम भरला, पाइप काढा की!"

"काढतो गं. तू काय मुकादम हायेस का?"

"मुकादम न्हाई, शेजारीन हाय. माजं पाय भिजल्यात!"

भांडण झालं. एक कळशी लवंडली. वीस मिनिटांचं काम तासभर चाललं. पण नवाच्या नऊ घरांचे ड्रम भरले, आणि मला कोणी हाक मारली नाही. याचं थोडं वाईट वाटलं, तेही नोंदवून ठेवतो.

कलम ४, सुधारित. शिट्टी मी आत्ताच कानिफनाथच्या शेळीच्या गळ्यात बांधली आहे. ती कोणाचं ऐकत नाही आणि तिचंही कोणी ऐकत नाही.

कलम ५. हे सगळं पार पाडायला माणूस नेमावा लागतो. वाडीत कोणाला नेमता येत नाही. ज्याला वाटेल त्याने करावं. कोणालाच वाटलं नाही तर आई करेल, तशीही सगळं तीच करते.

साक्षीदारांबद्दल. तहसीलबाहेर बसणाऱ्या टंकलेखकांनी सांगितलं होतं की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार त्याने साक्षीला सही करू नये, केली तर त्याचा वाटा जातो. म्हणून मामांना मुद्दाम काही ठेवलं नाही. दुसरा साक्षीदार टँकरचा ड्रायव्हर ठरला होता, पण आज तासभर उशीर झाल्याने तो थांबला नाही. ज्योती शेळीकडे बघून हसत आली, उभ्यानेच कागद वाचला आणि म्हणाली, "आन हिकडं पेन."

मी म्हणालो, "सही केलीस तर खोली जाईल."

"जाऊ दी. मेलेल्याची खोली घिऊन काय करू? तू गुरुवारी माघारी ये, मग बघू खोलीचं."

"शुक्रवारी सोडणार आहेत."

"मग शुक्रवारी. ह्यो हुकूम न्हाई, इनंती हाय."

स्थळ: बिनमुकादम वाडी, कडुनिंबाखाली
दिनांक: २१ एप्रिल २०२५, सोमवार

सही: अजिनाथ भिमाजी खाडे (विनंती मान्य)

साक्षीदार:
१. श्रीमंत गर्जे (स्वखुशीने, कोणी सांगितलं म्हणून नाही)
२. ज्योती श्रीमंत गर्जे (खोलीवर पाणी सोडून, तूर्त शुक्रवारपर्यंत)